अप्पांच्या पुढं

धावणाऱ्या माणसांत मला सगळ्यात जास्त राग कुणाचा येतो सांगू? जो मागून धापा टाकत येतो, खांद्याला घासून पुढं जातो आणि बरोबर आपल्या नाकासमोर येऊन हळू होतो. बाबा रे, दम नव्हता तर पुढं कशाला गेलास? आणि गेलास तर जा ना! आमच्या नांदेडच्या ग्रुपमध्ये असली माणसं फार टिकत नाहीत. दर रविवारी सकाळी आम्ही विष्णुपुरीच्या रस्त्यावर पळायला जमतो, आणि आमचा एक रिवाज आहे. कुणाला मागं टाकायचं तर उजव्या बाजूनं जायचं, आणि मुक्यानं जायचं नाही. "येतो, काका", "येते, ताई" म्हणायचं, घरातून निघताना म्हणतो तसं. पुढच्यानं डावीकडं सरकायचं आणि "या" म्हणायचं. मग बिनधास्त पुढं व्हा. हा रिवाज कुणी पाडला कुणास ठाऊक. बदली होऊन आलेले नवे लोक आधी हसतात, पण महिन्याभरात तेही "येतो" म्हणायला लागतात.

फक्त एका माणसाला कुणीच कधी "येतो" म्हणत नसे. ते म्हणजे अप्पा, माझे सासरे.

अप्पा ग्रुपमधले सगळ्यात वयस्कर. मूळचे उदगीरचे, पण नांदेडात हार्डवेअरचं दुकान टाकून जन्म गेला. गल्ल्यावर बसून दिवसभर "या, या" करत असतात. नुसता एक खिळा घ्यायला आलेल्यालाही "या". रविवारी पहाटे अंघोळ, पूजा, कपाळाला विभूती, आणि मगच बूट. असा माणूस पुढं पळत असताना त्याला ओलांडून जायचं म्हणजे काय! कुणाची छाती होईना. जे खरे पळणारे होते ते अप्पांच्या आधीच सुटायचे, म्हणजे ओलांडायचा प्रश्नच नको. ज्यांना उठायला उशीर व्हायचा ते अडकले. अप्पा पुढं आणि त्यांच्या मागं अख्खी वरात, त्यांच्या चालीनं. अप्पांचा वेग दर वर्षी थोडा कमी होत होता आणि वरातीचाही.

त्या वरातीत पहिला नंबर माझा.

मी हौसेनं पळायला गेले नव्हते, हे आधीच सांगते. अप्पांना शुगर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर हे चालता चालता पळायला लागले. एकदा पळून आल्यावर घराच्या पायरीवरच त्यांना गरगरलं. झालं, सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अव्वांनी, फर्मान काढलं की यापुढं एकट्यानं जायचं नाही. माझा नवरा रविवारी नवाच्या आत डोळे उघडत नाही. राहिलं कोण? मी. अव्वांनी माझ्या ओढणीच्या टोकाला लिंबाच्या गोळ्या बांधल्या आणि सांगितलं, मागं मागं राहा, नजर ठेव, गरगरलं तर गोळी दे. अप्पांना वाकलं की त्रास व्हायचा, म्हणून नवऱ्यानं त्यांना पट्टी चिकटवायचे बूट आणून दिले. मला मात्र कुणी बूट आणले नाहीत. मी शाळेतल्या लेकीचे जुने कॅनव्हासचे बूट घालून गेले. ते चावायचे.

आमच्या घरात कुणी कुणाला दाबून ठेवत नाही. पण अप्पा आले की मी उठून उभी राहते, आणि रस्त्यानं जाताना त्यांच्या दोन पावलं मागं चालते. कुणी शिकवलेलं नाही, अंगवळणी पडलेलं आहे. तेच मी पळतानाही केलं. वर्षभर मला त्यांच्या शर्टाची पाठ सोडून विष्णुपुरीच्या रस्त्यावर काय काय आहे ते धड माहीत नव्हतं.

मग एका रविवारी अप्पांना देगलूरकडं लग्नाला जायचं होतं. मी म्हटलं, उठलेच आहे तर जाऊन येते. सुटलो. थोड्या वेळानं बघते तर पुढं औषधाच्या दुकानवाले काका. "येते, काका." "या." पुढं दोघी शिक्षिका. "येते, ताई." "या, या." मग एक जण, मग आणखी एक. माझे पाय जातच राहिले. धरणाच्या बाजूला गोदावरीचं पाणी दिसलं, त्यावर ऊन पडलेलं, आणि मला एवढा आनंद झाला की काय सांगू. चाळिशी गाठली तोवर मला पत्ताच नव्हता की मी जोरात पळू शकते. लहानपणी मुखेडला शाळेत पळायचे तेवढंच. त्या दिवशी चहाच्या टपरीवर मी सगळ्या बायकांच्या आधी पोचले आणि वेड्यासारखी एकटीच हसत उभी राहिले.

पुढच्या रविवारी पुन्हा अप्पांची पाठ.

आता मात्र ती पाठ मला जड जायला लागली. पाय आपोआप लांब पडायचे, मी आवरायचे; पुन्हा पडायचे, पुन्हा आवरायचे. असं आवरून पळण्यात जोरात पळण्यापेक्षा जास्त दम लागतो, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. पोटऱ्या भरून यायच्या. चिडचिड व्हायची आणि ती कुणावर काढावी कळायचं नाही. अप्पांवर? त्यांनी काय केलं होतं? त्यांनी कधी मागं वळून "मागंच राहा" म्हटलं नव्हतं. आणि मी कधी "येते" म्हटलं नव्हतं. सुनेनं सासऱ्याला ते म्हणायचं म्हणजे मला सरळसरळ उद्धटपणा वाटायचा. शिवाय मला अव्वांनी पाठवलं होतं ते नजर ठेवायला.

ग्रुपमध्ये माझी एक मैत्रीण आहे, बँकेत असते, मूळची हदगावची. तिच्या तोंडाला फाटक नाही. ती एकदा टपरीवर म्हणाली, "काय करून राहिलीस तू मागं? गाय बांधल्यासारखी? त्या दिवशी मला मागं टाकून गेलीस ना? मग जा की."

"अप्पा आहेत ना," मी म्हटलं.

"अप्पा हायत म्हणून आम्ही बी मागंच हाव. पण आमचं बरं हाय, आम्हाला तसं बी पळता येत न्हाई."

तिनंच मला न विचारता लातूरच्या शर्यतीत माझं नाव घातलं. दहा किलोमीटर. अप्पांचंही नाव होतं, ग्रुपमधल्या निम्म्या लोकांचं होतं. नाव घातल्यापासून माझ्या डोक्यात एकच घुमायला लागलं. एकदा, फक्त एकदा, मला माझ्या पायांनी पळायचंय. शर्यत आहे, घड्याळ लावणार आहेत, आपल्याला किती येतं ते एकदा कळू दे. पण अप्पांच्या परवानगीशिवाय नाही. चोरून पुढं गेले असते तर ते पळणं मला पचलं नसतं. आणि परवानगी मागायला तोंड उघडत नव्हतं.

शेवटी अव्वा भाकरी करत होत्या तेव्हा त्यांच्याशी बोलले. म्हटलं, "अव्वा, तुम्ही विचारा ना अप्पांना. लातूरला मी माझी माझी पळू का म्हणून."

"पाय कुणाचे?"

"माझे."

"मग मी कामून विचारू?"

"पण त्यांच्यावर नजर कोण ठेवणार मग?"

अव्वांनी तव्याकडं बोट केलं. "भाकरी करपून राहिली, उलट ती." संपलं. एवढा राग आला मला! नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बघ तुला काय वाटतं ते." या वाक्याला काही अर्थ असतो का? मी त्या दिवशी भांडी फार आपटली.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही लातूरला नणंदेकडं मुक्कामाला गेलो. अव्वाही आल्या, लेकीला भेटायला. पूर्ण प्रवासात मी मनात जुळवाजुळव करत होते. अप्पा, एक विचारायचं होतं. अप्पा, तुम्हाला चालणार असेल तर. एकही वाक्य बाहेर आलं नाही. सकाळी निघताना मी मुकाट्यानं ओढणीच्या टोकाला गोळ्या बांधल्या. अव्वा दारात उभ्या होत्या. त्यांनी ते बघितलं.

लातूरला चांगली गर्दी होती. थंडीही होती. सुटलो तशी मी सवयीनं अप्पांच्या मागं लागले, आणि आमच्या दोन्ही बाजूंनी माणसांचा लोंढा पुढं जायला लागला. ना येतो ना या. डावीकडून जातायत, उजवीकडून जातायत, मधून घुसतायत. कानात गाणी घातलेला एक तरणा गडी अप्पांना कोपरानं ढकलून गेला. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी ओरडले, "अहो, तोंड नाही का? येतो म्हणायला काय झालं?" त्याला कुठलं ऐकू जातंय.

अप्पा हसले. पळताना हसलेले मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. म्हणाले, "जाऊ दे. पळायला आलाय तो."

"म्हणून ढकलायचं?"

"ढकलू दे. लई दिवसांनी कुणीतरी माझ्या पुढं गेलं, बाई."

आम्ही तसेच पळत राहिलो. औशाच्या रस्त्याला लागलो, गर्दी विरळ झाली. माझे पाय लांब पडले, मी आवरले. पुन्हा पडले, पुन्हा आवरले. पुढं सगळा रस्ता मोकळा दिसत होता आणि मला रडायला येईल असं वाटायला लागलं. म्हटलं, आजचा दिवसही गेला.

तेवढ्यात अप्पा डावीकडं सरकले. अगदी कडेला जाऊन थांबले, फुटपाथवर एक पाय ठेवला आणि बुटाला हात लावला.

"हो पुढं," खाली बघतच म्हणाले. "नाडी सुटली."

मी थांबले. "थांबते ना मी."

"थांबू नको. पाय गार पडतील."

"पण अप्पा, गोळ्या..."

त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि मूठ उघडून दाखवली. लिंबाच्या गोळ्या. "अव्वानं सकाळीच दिल्यात. तुझ्या ऱ्हाऊ दे तुझ्याजवळ. ग्रुपची चार माणसं मागून यायलीत, त्यांच्यासंगं येतो मी."

मी एवढी घाबरले होते आणि एवढी खूश झाले होते की बाकी काही बघितलंच नाही. तोंडातून कसंबसं निघालं, "येते, अप्पा."

"ये," ते म्हणाले.

आणि मी सुटले. पहिल्यांदा जरा भीतच, कुणीतरी परत बोलावील अशा हिशोबानं. मग नाही. पाय लांब पडले आणि मी त्यांना पडू दिलं. ढकलून गेलेला तो गाणीवाला गडी एका वळणावर कंबरेवर हात ठेवून चालत होता. त्यालासुद्धा मी "येते, दादा" म्हटलं, जरा मोठ्यानंच. त्यानं कानातलं काढून माझ्याकडं बघितलं. आमची पद्धत कळू दे लातूरला.

आणखी पुढं एक बाई कडेला वाकून बुटाची नाडी बांधत होती. "येते, ताई," म्हणून मी पुढं गेले आणि थोड्या अंतरानं माझ्या डोक्यात उजेड पडला. अप्पांच्या बुटाला नाडी नाही. कधी नव्हतीच. त्यांचे बूट पट्टीचे.

पळताना रडू नये, श्वास चुकतो. माझा चुकला. तशीच नाक ओढत पळत राहिले. पाणी वाटणाऱ्या एका पोरीनं विचारलंसुद्धा, "काकू, लागलं का?" मी मान हलवली आणि पळत राहिले. शेवटच्या कमानीतून आत गेले. घड्याळ बघायचं होतं ते विसरलेच. नंतर मैत्रिणीनं मोबाइलवर माझी वेळ काढून दाखवली. चांगली होती, एवढंच सांगते.

मी कमानीपाशीच उभी राहिले. बऱ्याच वेळानं अप्पा आले, ग्रुपच्या लोकांबरोबर, घामानं विभूती पुसलेली. मी पाण्याची बाटली पुढं केली. मला बोलायचं बरंच होतं, पण तोंडातून आलं ते असं:

"नाडी बांधली का, अप्पा?"

त्यांनी आपल्या बुटांकडं बघितलं. मग बाटलीतलं पाणी सावकाश प्यायले.

"तू मागं आखडून पळून राहिलीस, ते ऐकू यायचं मला," ते म्हणाले. "दर रविवारी. पावलं लांब पडायची न् मधीच आखूड व्हायची. मला वाटायचं, आता म्हणंल, मग म्हणंल. तू काय म्हणंना."

"तुम्हीच म्हणायचं होतं मग. पुढं जा म्हणून."

"मी कसं म्हणणार? 'ये' म्हणायला आधी कुणीतरी 'येते' म्हणाय पाहिजे ना, बाई."

परत येताना जीपमध्ये मी खिडकीपाशी बसले. अव्वा शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझ्या ओढणीचं टोक घेतलं, गाठ सोडली, त्यातली एक गोळी स्वतः खाल्ली आणि एक मला दिली.

पुढच्या रविवारी विष्णुपुरीच्या रस्त्यावर अप्पा पुढं होते आणि मागं नेहमीची वरात. मी उजवीकडं झाले आणि म्हटलं, "येते, अप्पा." मागची पावलं एकदम मंदावली. "ये," अप्पा म्हणाले. मी पुढं गेले. मग मागून बँकेतल्या मैत्रिणीचा आवाज आला, जरा चाचरतच, "येते, अप्पा." मग औषधाच्या दुकानवाले काका. मग एकेक करून सगळेच. लांब जाईपर्यंत मला अप्पांचा आवाज ऐकू येत होता. गल्ल्यावर बसून म्हणतात तसंच ते प्रत्येकाला म्हणत होते, "या. या. या."