भिकुबाईनं ऐकलेली मोटर

पिंपळनेरहून साक्रीमार्गे धुळ्याला जाणारी सर्व्हिस मोटर निंबा चालवायचा, तेव्हा त्याची बायको भिकुबाई त्या मोटरीत एकदाही बसली नव्हती. मोटर रुपचंद शेठची. निंबा तिचा ड्रायव्हरही आणि मिस्त्रीही. सकाळी तो खाकी कोट चढवून निघायचा आणि दिवस मावळता परत यायचा. मोटर गावाच्या वेशीशी आली की भिकुबाई चुलीवर तवा टाकायची. तेवढाच तिचा नि मोटरीचा संबंध.

मग निंबाला मुदतीचा ताप आला. पिंपळनेरच्या वैद्यानं आशा सोडली होती, पण निंबा वाचला. हाडांचा सापळा होऊन खाटेवर उठून बसला आणि भिकुबाईला म्हणाला, "तू आशी तोंड हालाडी ऱ्हायनी, बोलत का नई?"

भिकुबाई बोलतच होती. तापानं त्याचे दोन्ही कान नेले होते.

बहिऱ्या माणसाच्या हाती प्रवाशांनी भरलेली मोटर कोण देणार? रुपचंदनं नवा ड्रायव्हर ठेवला, वर्षभरानं नवी मोटरही आणली. जुनीच्या इंजिनात तोवर ठोका वाजू लागला होता आणि ती चढावर दम टाकायची. गिऱ्हाईक मिळेना, ठेवायला जागा नाही. शेठनं ती निंबाच्या खळ्यात आणून झाडाखाली उभी केली. "तुझ्याच हातची आहे, तूच सांभाळ," असं तो जाताना म्हणाला. निंबाला ते ऐकू आलं नाही, पण किल्ली हातात पडली तेव्हा कळलं.

त्या दिवसापासून निंबा शेतावर जाईनासा झाला. बॉनेट उघडून तो दिवसच्या दिवस तिच्यात डोकं घालून उभा राही. टाकीतला गाळ काढला, पेट्रोलच्या नळ्या फुंकून साफ केल्या, प्लग घासले, कुजलेल्या तारा बदलल्या. एक दिवस हँडल मारल्यावर मोटर सुरू झाली. निंबानं इंजिनावर हात ठेवला. थरथर होत होती. त्यानं मान कलती केली, सवयीनं, आणि तशीच ठेवून उभा राहिला. इंजिनाचं दुखणं आवाजावरून ओळखायचं असतं. तो आयुष्यभर तेच करत आला होता, आणि आता ते सारं थरथरणारं लोखंड त्याच्यापुढे मुकं उभं होतं.

त्यानं वळून भिकुबाईला हाक मारली. बहिरा झाल्यापासून त्याचा आवाज फार चढला होता, अर्ध्या गल्लीला ऐकू गेला.

"कसा वाजस? सांग!"

भिकुबाई शेण लागलेल्या हातांनीच आली. कान देऊन ऐकलं. तळहातावर मूठ आपटून दाखवली आणि सवयीनं तोंडानंही म्हणाली, "खटखट वाजस. आखो काय सांगू?"

त्यानं तिचे ओठ वाचले. "खटखट त बठ्ठंच करस! कोठे? वरथीन का खालथीन?"

तिला काही सांगता येईना. तिच्या लेखी ते सगळं एकच धूड होतं, सगळीकडून वाजणारं. निंबानं अंदाजानं वरचं झाकण काढलं, व्हॉल्व्हची फट बसवली, झाकण लावलं. खटखट होतीच. पुन्हा विचारलं, पुन्हा तिनं मूठ आपटली. त्यानं पाना जमिनीवर फेकला. "कान शेतस का कवड्या?" असं तो ओरडला, तेव्हा शेजारच्या ओट्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या.

भिकुबाई घरात गेली आणि जात्यावर बसली. डोळ्यांत पाणी होतं, पण दळण करायचंच होतं. जात्याचा खुंटा बरेच दिवस ढिला झाला होता. जातं फिरवताना दरवेळी ती ओढायला लागली की खुंटा भोकात एका बाजूला बसायचा, 'धप्प' करायचा. जोर लावला की धप्प. सैल सोडलं की काही नाही. चार मुठी दळून झाल्यावर तिचा हात थांबला. पुन्हा जोरानं ओढून पाहिलं.

ती बाहेर आली. नवऱ्याला हाक मारून उपयोग नव्हता, आणि चारचौघांत त्याच्या अंगाला हात लावायची तिला लाज वाटायची. इतके दिवस ती त्याच्या पायाशी लहानसा खडा टाकून त्याला बोलवायची. आज तिनं खडा टाकला नाही. सरळ त्याचं मनगट धरलं आणि त्याला घरात ओढत नेलं. ओट्यावरच्या बायकांनी ते पाहिलं, पाहू देत.

तिनं त्याचा तळहात खुंट्यावर ठेवला, वर आपला हात ठेवला आणि जातं ओढलं. धप्प. पुन्हा ओढलं. धप्प. मग सैल सोडून फिरवलं, आणि बोटानं बाहेर मोटरीकडे दाखवलं.

निंबा उकिडवा बसून होता. तिचा हात बाजूला करून त्यानं स्वतः जातं ओढून पाहिलं. बराच वेळ ओढत राहिला, अर्धं पीठ सांडलं.

"जोर पडना का वाजस?" त्यानं विचारलं.

तिनं मान हलवली.

"बेरिंग शे," तो हळू म्हणाला. खूप दिवसांनी त्याचा आवाज घरात मावला.

पिस्टनचा दांडा ज्या कडीनं खालच्या मोठ्या दांड्याला धरलेला असतो, त्या कडीच्या आत मऊ पांढऱ्या धातूचं अस्तर असतं. ते झिजलं की कडी सैल होते आणि जोर पडला की आपटते. पण चार पिस्टनांपैकी कुठल्या? निंबानं मोटर सुरू केली आणि लाकडी मुठीचा पेचकस घेतला. एकेका प्लगवर टेकवून तो त्याची ठिणगी मारायचा, म्हणजे तेवढा पिस्टन जोर लावायचा थांबतो. भिकुबाई मडगार्डाजवळ डोळे मिटून उभी. पहिला प्लग मारला, इंजिन लंगडलं, ठोका तसाच. दुसरा, तसाच. तिसऱ्याला पेचकस टेकला आणि ठोका विरून गेला. भिकुबाईनं झटकन हात वर केला. निंबानं पेचकस काढला, हात खाली आला. पुन्हा टेकवला, पुन्हा वर. दोघंही एकमेकांकडे बघून हसली. ताप येऊन गेल्यापासून घरात असं हसणं झालं नव्हतं.

त्यांनी मोटरीखाली माणूस बसेल एवढा खड्डा खणला. तेलाची परात उतरवली. तिसऱ्या कडीतलं अस्तर फुटून त्याचे कपचे तेलात पडले होते. धुळ्याच्या एका जिनिंगमधल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून निंबानं पांढऱ्या धातूचे तुकडे आणि मापाचा लोखंडी दांडा आणला. धातू ओतायचा कोणी? भिकुबाईनंच गावातल्या जब्बार कल्हईवाल्याचं नाव काढलं. जब्बार आला, त्यानं कडी हातात फिरवून पाहिली.

"कथील मना हातनं शे, भाभी," तो म्हणाला, "पन हाई भांडं नई. हाई काय काम करस ते पहिले माले दखाडा."

निंबानं त्याला खड्ड्यात उतरवून सगळं दाखवलं. मग भाता लागला. कडी नवसागरानं घासून तापवली, आत कल्हई चढवली. मधोमध लोखंडी दांडा उभा केला आणि खालून धातू गळू नये म्हणून भिकुबाईनं चुलीला लावतात तशी चिकणमाती कालवून कडेनं थापली. जब्बारनं धातू ओतला, आणि फाडकन वाफ उडाली. माती ओली होती. उकळत्या धातूचे शिंतोडे जब्बारच्या कोपरापर्यंत उडाले. भिकुबाईनं धावत जाऊन त्याच्या हातावर गार पाणी ओतलं. जब्बारनं दात आवळून हात भांड्यात बुडवून ठेवला आणि म्हणाला, "कल्हईवाल्याचं असंच राहतं, भाभी. माती वाळू द्या, मी परत येतो." चुकून तो शुद्ध मराठीत बोलला, जसा कामासाठी गेला की कचेरीत साहेबांपुढे बोलायचा.

हात बरा व्हायला वेळ लागला. तोवर निंबा रोज एकदा त्याच्या घरी जाऊन बसायचा. एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला हात हलवता येत नाही. जब्बारची बायको रहिमाबी दोघांना चहा द्यायची. पुढच्या वेळी भिकुबाईनं माती चुलीशी ठेवून खडखडीत वाळवली होती. धातू शांतपणे आत उतरला.

आतलं अस्तर दांड्यावर बेताचं बसावं म्हणून खरवडायचं होतं. उंच कुठं आणि सखल कुठं हे कळायला निंबानं दांड्याला काजळ चोपडलं, भिकुबाईनं एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं, आणि कडी फिरवून काढली. जिथं काळं लागलं तिथं पात्यानं हलकं खरवडायचं, पुन्हा फिरवायचं. हे काम चालू असताना त्यानं कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

मोटर सुरू झाली तेव्हा भिकुबाई बराच वेळ ऐकत राहिली. शेवटी तिनं हात पालथा करून सपाट फिरवला. काही नाही. नुसतं गुळगुळीत.

दुसऱ्या दिवशी दोघं साक्रीच्या रस्त्याला निघाली. आयुष्यात पहिल्यांदा ती मोटरीत बसली, तीही पुढे, नवऱ्याशेजारी, डोक्यावरचा पदर दातात धरून. निंबा स्टेअरिंगवर ताठ बसला होता. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. तिला मात्र बाहेरचं काही दिसत नव्हतं. तिचं सगळं ध्यान बॉनेटखाली लागलं होतं.

परतताना मोटर चढाला लागली तेव्हा मागून रुपचंदची नवी मोटर आली. तिचा ड्रायव्हर हॉर्न देत होता, देतच होता. निंबाला ऐकू आलं नाही. भिकुबाईच्या कानांवर तो पडत होता, पण ती इंजिनात इतकी गढली होती की हा आवाज आपला नाही, एवढंच तिला समजलं. समोर रस्त्याच्या डाव्या कडेला बैलगाडी लागली. निंबानं तिला चुकवायला मोटर उजवीकडे घेतली, त्याच वेळी नवी मोटर त्याच बाजूनं पुढे घुसत होती. दोन्ही मडगार्डं एकमेकांना घासून गेली. नवी मोटर नाल्याच्या काठावर जाऊन थांबली. एक चाक काठाबाहेर होतं. आतल्या बायका-पोरं किंचाळत उतरली. कोणाला काही झालं नाही.

नवा ड्रायव्हर शिव्या देत आला. निंबा त्याचे हलणारे ओठ बघत उभा होता. काय म्हणतोय ते विचारायची गरज नव्हती. त्यानं हात जोडले. दोर बांधून मोटर ओढायला मदत केली, आणि ती निघून गेल्यावर रस्त्याच्या कडेला दगडावर बसला. भिकुबाई पदरात तोंड लपवून रडत होती. "मीच ऐकं नई," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि त्याला ते कळत नव्हतं.

"मोटर बरी शे," निंबा म्हणाला. "मीच बरा नई."

घरापर्यंत त्यानं मोटर अगदी सावकाश आणली. भिकुबाई या वेळी मागे तोंड करून बसली होती. खळ्यात आल्यावर किल्ली त्यानं खुंटीला टांगली, आणि संध्याकाळी जाऊन वनाला बोलावून आणलं. वना त्याचा जुना क्लीनर, आता बायको-पोरांचा धनी. "आते स्टेअरिंग तू धर," निंबानं त्याला सांगितलं. ते सांगताना तो वनाकडे बघत नव्हता.

पुढे ती मोटर पिंपळनेर-साक्रीच्या दरम्यान बाजाराच्या दिवशी धावू लागली. दुसरी मोठी लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेना, तेव्हा लोकांनी मोटरींच्या मागे कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या बसवल्या. निंबानंही बसवली. गॅसवर इंजिनाचा आवाज पार बदलला, जाडा आणि आळशी झाला. भिकुबाईला सगळं नव्यानं शिकावं लागलं. धुरानं तिला खोकला लागायचा आणि ती भट्टीला तोंडभर शिव्या द्यायची.

सटाण्याकडून येणाऱ्या लॉऱ्या हळूहळू त्यांच्या खळ्यासमोर थांबू लागल्या. ड्रायव्हर हाका मारायचे, "अक्का, जरा ऐका हो हिला." अक्का हात पुसत यायची, ऐकायची, आणि नवऱ्याकडे वळून हातांनी बोलायची: मूठ तळहातावर म्हणजे ठोका, चुटकी म्हणजे वरची टिकटिक, नखं नखांवर म्हणजे घासणं. गाव त्या दोघांच्या हातवाऱ्यांना हसायचं, मग सवय झाली.

ती नेहमी बरोबर असायची असं नाही. एकदा कापसाची लॉरी आली, चालताना मागून घरघरायची. भिकुबाई लॉरीच्या मागे मागे चालली आणि तिनं मागच्या चाकांच्या आसाकडे बोट दाखवलं. निंबानं अख्खा आस उतरवला, दातेरी चाकं पसरली. एकही दात गेलेला नव्हता. आवाज गिअरपेटीतला होता, पुढून येऊन मागे घुमणारा. आता हा पाना फेकतो, असं वाटून भिकुबाई दारात उभी राहिली. निंबानं ग्रीसनं बरबटलेले हात कोपरापर्यंत पाहिले, समोर पसरलेलं सामान पाहिलं, आणि त्याला हसू फुटलं. त्याचं हसणंही आता फार मोठं झालं होतं, ड्रायव्हर दचकला.

"ये," तो भिकुबाईला म्हणाला. "बोल्ट दे."

ती त्याच्याजवळ पोत्यावर बसली आणि रॉकेलच्या भांड्यातून एकेक बोल्ट पुसून त्याच्या हातात देऊ लागली.