आधी माझे कापा!

वकिलाची फी थकते, किस्से मात्र वेळेवर जमा होतात. परभणीच्या कोर्टात मी अपघात भरपाईचे दावे चालवते, त्यामुळे माझ्याकडं त्यांची शिल्लक भरपूर.

आमचं दुखणं आधी समजून घ्या. कामावर असताना कामगाराला कुणाच्या तरी गाडीनं उडवलं, की दवाखान्याचा पहिला खर्च मालक करतो. पुढं गाडीच्या विमा कंपनीशी लोकअदालतीत तडजोड होते. रक्कम ठरली रे ठरली, की मालक मागून उभा राहतो, "साहेब, आधी माझे कापा!" ही गाठ सुटेपर्यंत कामगाराच्या हाती दमडी येत नाही. सोडवायची कुणी? अर्थात मी!

* * *

जिंतूरचा एक ठेकेदार. खर्च सांगायला उभा राहिला. ऑपरेशन, औषधं, रिक्षा, आणि भेटायला येताना आणलेली केळी!

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "केळीसुद्धा?"

"मंग काय साहेब! रोज नेयाचो."

मागच्या बाकावरून त्याचा कामगार म्हणाला, "साहेब, केळी त्यायनीच खाल्ली. मला तर नाकातल्या नळीनं जेवण चालू व्हतं!"

केळी वगळली. बाकीचं चुटकीसरशी मिटलं.

* * *

देवगाव फाट्याच्या, पाय मोडलेल्या एका मामांना मालकाकडूनही भरपाई हवी होती आणि विमा कंपनीकडूनही. मी समजावलं, "मामा, एका पायाचे पैसे दोन्हीकडून मिळत नाहीत."

"पर दुखायलाय तर दोनदा की, पोरी! दिवसा अन् रातच्याला!"

यावर कायद्यात उत्तर नाही. मी शोधून पाहिलं.

* * *

सेलूकडच्या एका कारखानदारानं तर कमाल केली. कामगार भरपाईच्या दाव्यात त्यानं शपथेवर सांगितलं होतं, "हा माझा कामगार नाही." आणि कामगाराला उडवणाऱ्या टेम्पोच्या विम्याचे पैसे ठरताच इस्त्रीच्या कपड्यात हजर! "माझाच माणूस हाय. दवाखान्यात म्याच नेलं. माझे पैसे कापून द्या."

न्यायाधीश म्हणाले, "तुमचा कामगार असेल तर आधी तुमच्याकडची भरपाई द्या. नसेल तर हे पैसे कसले मागताय?"

कारखानदारानं हात जोडले.

"फक्त वसुलीपुरता कामगार धरा ना, साहेब!"

न्यायाधीशसुद्धा हसले. त्यानं अर्ज मागं घेतला आणि मी सुटकेचा चहा प्याले.

* * *

तडजोडीवर अंगठा घ्यायचा होता. नव्या कारकुनानं शाईचा पॅड पुढं केला. "डावा अंगठा."

ट्रॉलीखाली सापडलेला तो माणूस म्हणाला, "डावाच पायजे का?"

"नियम आहे."

"साहेब, तो असता तर मी इथं कशाला आलो असतो?"

उजवा चालला!

* * *

आणि बोरीचा सुखदेव. हनमंतरावांच्या वेल्डिंगच्या दुकानात उमर गेलेली. गिऱ्हाइकाचं गेट बसवायला निघाला आणि टेम्पोनं उडवलं. गुडघ्याखाली पाय गेला. हनमंतरावांनी पदरमोड करून त्याला वाचवलं, हे खरं. पण तडजोडीची रक्कम कृत्रिम पायापुरतीच होती. त्यांचे कापले तर पाय बसत नव्हता.

मी विनवलं, "काका, थोडं सोडा."

"एक रुपया न्हाई! म्या काय धर्मशाळा काढलीय का?"

न्यायाधीशांनी सुखदेवला विचारलं. तो म्हणाला, "मालकाचे आधी द्या साहेब. त्यायनी नेलं म्हणून जित्ता हाय."

"मग पायाचं काय?"

"कुबडी हाय की."

माझा अशीलच पैसे सोडायला निघाला होता! हनमंतरावांनी सुखदेवच्या कुबडीकडं बघितलं. मग एकदम खेकसले, "लिव्हा, मला काई नको! लवकर लिव्हा, न्हाईतर इचार बदलल माझा!"

इतक्या भरभर मी परीक्षेतही लिहिलं नव्हतं. सह्या झाल्या आणि माझा जीव भांड्यात पडला.

सुखदेव कुबडी सावरत उठला, मालकांना हात जोडले आणि दाराकडं निघाला.

"कुठं चाललास? उद्या दुकान कोण उघडल?"

"मालक, पाय न्हाई आता मला."

हनमंतराव अख्ख्या कोर्टाला ऐकू जाईल असे ओरडले, "शटर काय पायानं उघडतेत का रं!"