सतरा नंबरची कोरडी ओळ

मनकर्णा उंदिरवाडेला कशाचीही चटकन किळस यायची. हॉटेलातल्या कपाच्या काठावर कोणाच्या ओठांचा डाग दिसला, की चहा तसाच सोडून ती उठायची. एसटीत कोणी खिडकीतून तंबाखूच्या खर्‍याची पिचकारी मारली, की गाव येईपर्यंत हिचा पदर नाकाला. आणि अशा बाईच्या वाट्याला काम कोणतं यावं, तर बुरशी वाढवायचं! बारा वर्षं तिनं सरकारी धान केंद्रात तेच केलं, आणि इतकं चोख केलं, की साहेब आले नि गेले, पण करप्याच्या वाफ्यावरची मनकर्णाबाई कोणी हलवली नाही.

करपा म्हणजे धानावरचा रोग. पानावर दोन्हीकडून निमुळते, मधे राखाडी पडलेले लांबट डाग पडतात, पान जळतं. तोच रोग लोंबीच्या मानेला लागला, की लोंबी मोडून पडते नि दाणा पोचट राहतो. हे सगळं करते ती एक बुरशी, डोळ्याला न दिसणारी. आता कोणतं धान तिच्यापुढे टिकतं हे कळायचं, तर धानाला आधी रोग द्यावा लागतो. दर पावसाळ्यात चाळीस जातींच्या चाळीस ओळी एका लांब वाफ्यात पेरायच्या, मागच्या वर्षीच्या रोगट पानांचे तुकडे सगळ्यांवर सारखे टाकायचे, दिवसभर पाणी शिंपत राहायचं आणि संध्याकाळी वर प्लास्टिक ओढायचं. सकाळी ते प्लास्टिक उचललं, की आत कोंडलेला आंबट, कुजका वास तोंडावर यायचा. पहिल्या वर्षी ती रोज बांधावर जाऊन ओकायची. पुढे ओकणं थांबलं, शिसारी काही गेली नाही.

गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. केंद्रावर आदल्या वर्षी नवे मोठे साहेब आले होते. सफारी सूट, खिशात अत्तराचा रुमाल, वाफ्याजवळ आले की तो रुमाल नाकाला. सतरा नंबरची जात त्यांची स्वतःची होती, त्यांनी तयार केलेली. दाणा लांब, रोप ठेंगणं, उतारा भरपूर. ती पास झाली की साहेबांचं नाव होणार होतं. पास करायला नागपूरहून समिती येणार होती, आणि पास झाल्यावर पहिलं बियाणं कुठं जाणार, हेही साहेबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं.

“कुरखेड्यापासून सुरू करू. तिथले लोक अजून आजोबांच्या काळातलं धान लावतात. ते आधी बंद केलं पाहिजे.”

मनकर्णाचं माहेर कुरखेड्याकडचं. आजोबांच्या काळातलं ते धान म्हणजे तिचा भाऊ बापूराव लावायचा तेच, आणि वाफ्यात त्याचा नंबर होता तेवीस.

नंबर सतरा असला, तरी ही ओळ साहेबांनी वाफ्याच्या अगदी टोकाला पेरायला लावली होती. सलग दोन वर्षं साहेबांनी तिला एकच सांगितलं होतं, “या ओळीवर पाणी मारायचं नाही, मनकर्णा. प्लास्टिकही हिच्या अलीकडेच थांबव. नाजूक आहे ती, ओलावा सोसत नाही.” धानाला ओलावा सोसत नाही म्हणे! असं धान मग काय गच्चीवर लावायचं? पण साहेब शिकलेले, आपण सातवी पास. तिनं मान हलवली नि ओळ कोरडी ठेवली.

श्रावणात निकाल डोळ्यांपुढे आला. सतरा नंबर हिरवागार, पानावर एक टिपका नाही. तेवीस नंबर बारीक तपकिरी ठिपक्यांनी नुसता भरलेला. माहेरच्या धानाची तिला इतकी लाज वाटली, की त्या ओळीजवळून जाताना ती बघेनाशी झाली.

“आमच्या भावाच्या धानाले त गोवर निघाला, नूरभाऊ,” ती नूरुद्दीनला म्हणाली.

नूरुद्दीन प्रयोगशाळेतला परिचर. मूळचा चंद्रपूरचा, वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसणारा, घाबरट नि हुशार, दोन्ही सारखाच. तो हसला. “गोवर नाई तो, बाई. इकडे या, एक चीज दाखवतो.”

त्यानं तेवीस नंबरच्या पानाचा वरचा पापुद्रा सोलला, निळ्या रंगात बुडवला, काचेवर ठेवला. मनकर्णानं पदर सावरून डोळा लावला. पान कुठलं, ते तर गावच होतं! पेशींची लांबट घरं, भिंतीला भिंत लावून ओळीनं बसलेली. एका घराच्या छपरावर बुरशीचा बीजाणू पडला होता, तीन खणांचा. त्यातून कोंब निघून टोकाला काळी गोल टिकली झाली होती, आणि त्या टिकलीनं खाली छपराला भोक पाडलं होतं.

“शी! आत घुसली हे.”

“घुसली. पण आता घर पाहा, जिथी घुसली ते.”

ते एकच घर तपकिरी झालं होतं. आतलं सगळं आटून कण कण झालेलं, मेलेलं. आणि त्या मेलेल्या घरात बुरशीचा आखूड दोरा तसाच अडकून पडला होता, तोही मेलेला. आजूबाजूच्या घरांनी आपापल्या भिंती जाड करून घेतल्या होत्या.

नूरुद्दीननं समजावलं. ही बुरशी जिवंत पेशीवर पोसते. तेवीस नंबरच्या पेशीला चोर आत आल्याचं चटकन कळतं, आणि कळलं की ती स्वतःच मरून जाते, सोबत चोराला उपाशी मारते. वरून आपल्याला दिसतो तो टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. एक पेशी, फार तर पाच-दहा, मेल्या, पान वाचलं. शिवाय या पानाच्या कातडीत वाळूसारखा कठीण अंश जास्त, म्हणून कित्येक बीजाणूंना तर भोकच पाडता येत नाही.

“म्हणून निंदताना हातं कापते हे धान,” मनकर्णा म्हणाली. एवढ्यानंच तिचा ऊर भरून आला होता. मग तिला सुचलं. “आता सतरा नंबर दाखवा.”

नूरुद्दीननं दाखवलं. सतराच्या पानावर बीजाणू पडलेले होते, वार्‍यानं आलेले, पण सुकलेले. एकालाही कोंब फुटला नव्हता.

“रात्रभर पान ओलं असल्याशिवाय हे जागेच होत नाई,” तो हळू आवाजात म्हणाला. “कोरड्या पानाले काय रोग येणार?”

मग नूरुद्दीननं, न सांगता, सतराचं एक पान कापून काचेच्या बशीत ओल्या कागदावर ठेवलं, वर बीजाणूंचं पाणी सोडलं नि झाकण लावलं. तिसर्‍या दिवशी त्यानं तिला बोलावलं.

त्या दिवशी तिनं जे पाहिलं, ते ती जन्मात विसरली नाही. बुरशी घरात शिरली होती, आणि घर जागच्या जागी शांत होतं. ना तपकिरी झालं, ना भिंत जाड झाली. दोरा या घरातून त्या घरात, त्या घरातून पुढच्या घरात, हातपाय पसरून फिरत होता, आणि पेशी त्याला पोसत होत्या. वरून पान अजून हिरवंगार, स्वच्छ! दोन दिवसांनी त्याच पानावर बोटाच्या पेरभर डाग पडला.

मनकर्णा बाहेर गेली आणि बर्‍याच वर्षांनी पुन्हा बांधावर ओकली. बुरशीची एवढी किळस तिला कधी आली नव्हती. बुरशी बिचारी बुरशीसारखी वागते. किळस आली त्या अत्तराच्या रुमालाची. माणूस शिकतो, परदेशात जाऊन येतो, पेशी न् पेशी ओळखतो, आणि ती सगळी अक्कल कशाला वापरतो, तर एक ओळ कोरडी ठेवायला. आणि ती ठेवली कोणी? हिनंच. स्वतःच्या हातांनी, दोन वर्षं. तिनं हात साबणानं तीनदा धुतले.

“समितीले सांगू का?” तिनं नूरुद्दीनला विचारलं.

“तुमचं कोण ऐकणार, बाई? साहेबाचा डॉक्टरेटचा कागद भिंतीवर टांगून हाये. अन मले दोन पोरी उजवायच्या हायेत. मी काही पाह्यलं नाई, तुमी बी नाई.”

रविवारी विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी तिचा आवाज अडकला. खोटं बोलणार नाही, असं ते शील. शेजारच्या अंजनाबाईंना वाटलं, खोकला आला. समितीला नऊ दिवस होते, आणि साहेब नागपूरला गेले होते, ते समितीला घेऊनच परतणार होते.

सोमवारी सकाळी मनकर्णानं काम केलं. वेगळं काही केलं नाही, बारा वर्षं करत आली तेच. रोगट पानांचे तुकडे घेतले, एक ते चाळीस सगळ्या ओळींवर सारखे टाकले, पाणी सगळ्यांवर सारखं शिंपलं आणि संध्याकाळी प्लास्टिक शेवटच्या खुंटीपर्यंत ओढलं.

समिती आली, जीपमधून उतरली. तिघंजण होते, आणि त्यातल्या दोघांना धान नि गवत यांतला फरक कळत असेल, तर या लिहिणार्‍याला सांगा. बांधावरच्या दगडांना चुना फासला होता. साहेब रुमाल नाकाला लावून पुढे चालत होते.

“हा पाहा इथला जुना वाण, तेवीस नंबर. अंगभर डाग आहेत. आणि आता आमचा सतरा नंबर बघा, एकही...”

साहेबांचं बोलणं तिथंच तुटलं. सतरा नंबरची पानं राखाडी डागांनी जळाली होती, काही रोपं तर बुडापासून बसली होती. साहेबांनी रुमाल खाली घेतला, वाफ्यापलीकडे उभी असलेली मनकर्णा त्यांना दिसली, आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

“हिनं मुद्दाम रोग टाकलाय यावर!”

समितीतले म्हातारे अध्यक्ष वळले. “का हो बाई? तुम्ही टाकला?”

“हो, मीच टाकला,” मनकर्णा म्हणाली. “बाकीच्या एकोणचाळीस ओळींवर बी मीच टाकला. सरकारनं मले ठेवलंच त्याच्यासाठी. हे एक ओळ तेवढी दोन वर्षं कोरडी ठेवत होती, सायेब म्हणत होते म्हणून. अन त्या तेवीसचे ठिपके पाहा, महिन्याआधी होते तेवढेच हायेत. एक बी वाढला नाई.”

अध्यक्ष खाली वाकले. तेवीसचं एक पान त्यांनी बोटांवर धरून बराच वेळ पाहिलं, मग सतराचं. नूरुद्दीन प्रयोगशाळेच्या दारात उभा होता, त्याला त्यांनी हाक मारून काहीतरी विचारलं. नूरुद्दीननं साहेबांकडे पाहिलं, मनकर्णाकडे पाहिलं, आणि आत जाऊन काचेची बशी घेऊन आला.

सतरा नंबर पास झाला नाही. पुढच्या पावसाळ्यात बापूरावनं आपलं धान आपल्याच बियाण्यातून लावलं. साहेबांचं काय झालं म्हणाल, तर बढती झाली, नागपूरला गेले. अशांचं दुसरं काय होतं!

मनकर्णाला आठ दिवसांत कागद मिळाला. कामावरून कमी केल्याचा होता. कारणाच्या जागी टाइप केलं होतं: केंद्रातील पिकावर हेतुपुरस्सर रोग पसरवला. तिनं तो दोनदा वाचला. लिहिलेलं खरं होतं, म्हणून खाली सही केली.