पट्ट्याच्या टोकाचा गाळ

जुनी गाडी घ्यायची असली की आमच्या ओळखीतले लोक मला सोबत न्यायचे. आता मी जात नाही. कारण कुणी विचारलं तर पाठ दुखते म्हणून सांगतो.

अंबरनाथच्या एमआयडीसीत पंपांचे सुटे भाग बनतात, तिथल्या तपासणी खात्यात मी सव्वीस वर्षं आहे. चांगल्या मालाला हिरवं लेबल लावायचं, खराब मालाला लाल. त्यामुळे या माणसाची नजर पक्की आहे असा एक समज पसरला. त्यात मी बदलापूरला, नदीजवळ मांजर्लीत तळमजल्यावर राहतो. उल्हास नदी माझ्या घरात दोनदा येऊन गेली आहे. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून, नवे सीट कव्हर चढवून, अत्तराची बाटली टांगून परत बाजारात उभी राहते, हे आम्हा बदलापूरकरांना माहीत आहे. ती ओळखायची एक साधी रीत आहे. सीटबेल्टचा पट्टा शेवटपर्यंत, म्हणजे आणखी येईना इतका ओढायचा. धुणारे सगळं धुतात, पण पट्टा कुणी शेवटपर्यंत ओढत नाही. नदी आत आली असेल तर तिचा गाळ त्या टोकाला बसलेला असतो. तोंडाला लावायच्या पावडरीसारखा बारीक. माझ्या घरच्या कपाटाच्या बिजागऱ्यांत तो अजून आहे.

हे मी बऱ्याच जणांना दाखवलंय आणि बऱ्याच जणांना वाचवलंय. एकदा नाही वाचवलं. ते लिहायचं म्हणून बसलोय.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सला बटणं ठोकायचं काम करून तिने मला डिप्लोमापर्यंत शिकवलं. बटणाच्या मशीनने तिच्या डाव्या अंगठ्याचं नख कायमचं चेपलं होतं. पुढे लग्न होऊन ती बदलापुरातच कुळगावला आली, मूलबाळ झालं नाही, आणि पंचावन्नाव्या वर्षी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, उल्हासनगरला. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी आठला मशीन लागायचं ते बारापर्यंत.

दाजी, म्हणजे तिचे यजमान, तेव्हा नोकरीत होते. गाडी होती माझ्याकडे. मी कायमची दुसरी पाळी मागून घेतली आणि दीड वर्ष तिला नेलं-आणलं. सकाळी साडेसहाला कुळगाव, दुपारी एकला परत कुळगाव, तीनला कारखाना, रात्री साडेअकराला घर. लोक म्हणायचे, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. मी मान खाली घालायचो, ती नम्रता वाटायची लोकांना.

खरं असं होतं की मला ते नको झालं होतं. बायकोने कधी ब्र काढला नाही. कारण म्हणून तिचं नाव पुढे करता आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तिने कधी ब्र काढला नाही. मीच सोमवारी संध्याकाळपासून, पाळीवर असतानाच, उद्याचे तास मोजायला लागायचो. त्या सेंटरबाहेरच्या बाकावर बसून दुसऱ्यांच्या सुजलेल्या पायांकडे बघायचा कंटाळा आला होता. ताई मागच्या सीटवर बसून बोलायची, तिच्या बोलण्याचाही. एवढं मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

मग दाजी रिटायर झाले. साठीला टेकलेला माणूस, ड्रायव्हिंग स्कूलला गेला आणि लायसन घेऊन आला. म्हणाले, "आता तुला सुट्टी. एखादी जुनी गाडी बघू. इन्स्पेक्टर, पण बघायची तूच." ते मला इन्स्पेक्टर म्हणायचे. चेष्टेत, आणि थोडं अभिमानानेही.

अटी सोप्या होत्या. स्वस्त हवी. अ‍ॅव्हरेज चांगला हवा, कारण पेन्शनीत दर आठवड्याला तीन फेऱ्या पेट्रोलवर परवडणार नव्हत्या. आणि सीट उंच हवी, कारण ताईला खाली बसून उठता येत नव्हतं. पण तिन्ही एका गाडीत सापडेनात. डिझेल मी मोडीत काढलं, एवढ्याशा अंतराला डिझेल इंजीन लवकर कुजतं म्हणून. एक सीएनजी मिळाली, तिच्या डिकीत टाकी एवढी मोठी की ताईची व्हीलचेअर जाईना. एकीचा अ‍ॅव्हरेज झकास, पण ताई बसली ती थेट जमिनीवर बसल्यासारखी. दोघांनी हात धरून तिला उठवलं, तर म्हणते, "गाडी घेताय की विहीर?"

सहा रविवार असे गेले. सातव्या रविवारी दाजी आणि मी कॅम्प चारला गेलो. लाकडाच्या वखारीला लागून एका सिंधी काकांचं गाड्यांचं आवार होतं. पांढरी, पाच दारांची, सीएनजीची टाकी लहान, सीट उंच. किलोला पंचवीसच्या पुढे जाईल, असं ते म्हणाले. किंमत दाजींनी मनात धरली होती त्याहून कमी.

"साईं, ये गाडी नहीं, हीरा है," काका म्हणाले. "डॉक्टर की गाडी. घर से दवाखाना, दवाखाने से घर. बस."

"आमची पण तेवढीच धाव आहे, शेठ," दाजी म्हणाले, आणि दोघं हसले.

मी माझ्या रितीने सुरुवात केली. टायरवरची तारीख. दारांचे रबर. ऑइल. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घातला, तो स्वच्छ होता, जरा जास्तच स्वच्छ. मग ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा धरला आणि शेवटपर्यंत ओढला.

टोकाला बोटभर लांबीची राखाडी रेघ होती. मी अंगठा फिरवला. अंगठ्याला तो लागला. ओळख पटायला क्षणही लागला नाही.

दाजी पलीकडच्या दाराशी उभे होते. त्यांनी गाडीच्या छतावर हात ठेवला होता, जसा बैलाच्या पाठीवर ठेवतात. "काय इन्स्पेक्टर? पास की रिजेक्ट?"

इथे मला स्वतःला समजून घ्यायचं नाही. काय घडलं तेवढं सांगतो. माझ्या मनात आलं की रिजेक्ट म्हटलं तर आठवा रविवार. नववा. आणि तोवर मंगळवार, गुरुवार, शनिवार. मनात असंही आलं की प्रत्येकच बुडालेली गाडी बंद पडते असं नाही. पट्टा सोडला, तो सर्रकन आत गेला. अंगठा पँटच्या खिशात आतल्या बाजूने पुसला.

"पास," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी दाजींनी ताईला गाडीत पुढे बसवलं. बुद्धविहाराला चक्कर मारायची म्हणून मीही मागे बसलो. पहिल्या वळणापर्यंत ताई सीट कव्हरवरून हात फिरवत होती. मग मान न वळवता म्हणाली, "गाडीला नदीचा वास येतोय रे."

पहिल्या पुरात ती माझ्याकडे आठ दिवस राहून घर खरवडत होती. तिला तो वास माहीत होता.

"नव्या सीट कव्हरचा असेल," मी म्हणालो.

"असेल," ती म्हणाली.

सात महिने गाडी चालली. अ‍ॅव्हरेज खरंच मिळाला. दाजी एका वहीत किलोमीटर लिहून ठेवायचे आणि मला फोन करून आकडे सांगायचे. मी जनरल शिफ्टला परत आलो. सकाळचे जे दोन तास मोकळे झाले त्यांत मी काही केलं नाही. झोपायचो.

सेंटरने ताईची वेळ बदलून दुपारी बारा केली होती. मे महिन्यातला गुरुवार. साडेअकराला दाजींचा फोन आला. अंबरनाथ सोडल्यावर गाडी एकदम मेली होती. दिवे नाहीत, हॉर्न नाही, काचा खाली होईनात. दार उघडं टाकून ताई आत बसली होती.

"रिक्षा बघतो," दाजी म्हणाले, "पण तिला चढता येईल का, आणि व्हीलचेअर—"

"काही करू नका. थांबा. वीस मिनिटांत पोचतो."

आमच्याकडे त्या दिवशी बाहेरची तपासणी आली होती. साहेब म्हणाले, एवढा एक लॉट दाखवून जा. मी एक दाखवला, मग दुसरा. पोचलो तेव्हा सव्वा वाजून गेला होता. एका सरबतवाल्याने छत्री दिली होती, ती धरून दाजी दारात उभे होते. ताईच्या मांडीवर बिसलेरीची रिकामी बाटली होती. लिटरची.

किडनीच्या माणसाला पाणी मोजून मिळतं. ताईला दिवसाला तीन पेले, त्यात चहा धरून. उन्हाळ्यात ती बर्फाचा तुकडा फडक्यात धरून चोखायची.

"ओरडू नकोस," ती मला म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि खोटं कशाला सांगू, आनंदी होता. "पोटभर पाणी प्यायले आज. दोन वर्षांनी."

सेंटरमध्ये तिचं मशीन दुसऱ्याला लागलं होतं. उद्या सकाळी आठला या म्हणाले, मध्ये श्वास लागला तर ताबडतोब आणा. मी तिला माझ्या गाडीतून घरी सोडलं. पहाटे श्वास लागला, आणि हॉस्पिटल गाठायच्या आतच ती गेली. डॉक्टर म्हणाले, हार्ट. दोन-दोन वर्षं डायलिसिसवर असलं की असं होतं. सगळ्यांनी ते मान्य केलं. गाडीचं नाव कुणी काढलं नाही.

जलदानाच्या विधीला भंतेजींनी मला पुढे बसवलं. गाथा चालू असताना तांब्यातून वाटीत पाण्याची धार धरायची, वाटी भरून ताटात वाहीपर्यंत. धार माझ्याकडून सारखी तुटत होती. शेजारच्या मावशींनी माझ्या मनगटाला आधार दिला आणि म्हणाल्या, "रडू दे त्याला, आईसारखी होती." मी रडत नव्हतो. मला ताईच्या मांडीवरची ती रिकामी बाटली दिसत होती.

त्या आठवड्यात गाडी मीच टो करून कॅम्प चारला नेली, गाड्यांच्या एका इलेक्ट्रिशियनकडे. त्याने पायाखालचा गालिचा उचलला. वायरींचे जोड हिरवे पडले होते. बोटाने उचकटले की भुगा होत होता.

"बाढ का माल है, भाऊ," तो म्हणाला. "किसने पास किया?"

त्याने जोड बदलले, मी त्याचे पैसे दिले. दाजींना सांगितलं, फ्यूज होता.

गेल्या महिन्यात दाजींनी गाडी विकायची ठरवली. एकट्या माणसाला कशाला, म्हणाले. अंबरनाथहून एक जोडपं बघायला आलं. तो कुठे तरी स्टोअरमध्ये, ती बालवाडीत शिकवते. पोटुशी होती. त्यांच्या अटी कानांवर पडत होत्या: स्वस्त हवी, अ‍ॅव्हरेज हवा. दाजींनी वही आणून दाखवली. कुठल्या आठवड्यात किती धावली, सगळं. त्या गुरुवारपर्यंतचं.

बाई म्हणाली, "काका, राग मानू नका. बदलापूरची गाडी म्हणून विचारते. पाणी लागलंय का?"

"छे हो." दाजी माझ्याकडे वळले. "हा माझा मेहुणा. कंपनीत इन्स्पेक्टर आहे. याने स्वतः तपासून दिलीय. त्यालाच विचारा."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी ड्रायव्हरचं दार उघडलं, पट्टा धरला आणि शेवटपर्यंत ओढला. टोक तिच्यासमोर धरलं.

"लागलंय," मी म्हणालो. "घेऊ नका."

ते दोघं पटकन निघून गेले. आभारही मानले त्यांनी. दाजी वही हातात धरून उभे होते.

"हे तेव्हापण होतं?"

"होतं."

"तुला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. मीच सांगितलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार नको झाले होते, हे सांगितलं. वीस मिनिटांचं सांगितलं, फ्यूजचं सांगितलं. सांगताना माझा आवाज कारखान्यात रिपोर्ट वाचतो तसा येत होता, पण दुसरा आवाज मला काढता आला नाही.

दाजींनी वही मिटली आणि म्हणाले, "ती म्हणायची, वास येतो. दर वेळी बसली की म्हणायची. मी म्हणायचो, अगं तुझ्या भावाने बघितलीय." ते थांबले. "मग गप्प बसायची."

ते जिना चढून वर गेले. कुळगावच्या त्या घरातून मी चहा न घेता कधी निघालो नव्हतो. खाली मी एकटाच होतो. पट्टा ओढलेलाच राहिला होता, आतली स्प्रिंग धरत नव्हती, आणि तो बाहेर लोंबत असल्यामुळे दार लागत नव्हतं. मी खाली बसून तो वीत-वीत करून हाताने आत सारला. बोटं गाळाने राखाडी झाली. मग दार लावलं.

गाडी दाजींनी भंगारात दिली, असं दुसऱ्याकडून कळलं. मी दर रविवारी फोन करतो. ते उचलत नाहीत. एकदा उचलला, माझं नुसतं "दाजी" ऐकलं आणि ठेवून दिला.

मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी साडेपाचला मला जाग येते. कुठे जायचं नसतं.