मामींची मोसंबी

मामी लिफ्टनं रानात जायच्या. इंदिरानगरातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांच्या चार कुंड्या आणि एक निळा ड्रम होता; त्यालाच त्या रान म्हणत. सकाळी पदर खोचून माझ्या दारात उभ्या राहायच्या आणि अगदी गंभीरपणे सांगायच्या, "पोरी, रानात जाऊन येते."

सगळी इमारत त्यांना मामीच म्हणे. नवरा गेल्यावर त्यांची चांदवडची जमीन धाकटे दीर कसू लागले. एकट्या बाईमाणसाला शेती झेपायची नाही, असं त्यांनी चार लोकांत सांगितलं. मामी आमच्या शेजारी मुलाकडे राहायला आल्या, त्या मोसंबीचं एक कलम मांडीवर घेऊनच.

कलम ड्रममध्ये वाढलं, पण पानं फिकी पडू लागली. मामींनी कांद्याला टाकत तसा मूठभर युरिया टाकला. थोड्याच दिवसांत पानांच्या कडा करपल्या, निम्मं झाड उघडं पडलं. मुलगा म्हणाला, मोसंबी बाजारात मिळते, काढून टाक. मामी ड्रमाला टेकून बसल्या होत्या.

"शेतात मूळ लांब पळतं, बाबा. ह्या ड्रमात कुठं पळंल? मीच पोळवलं त्याला."

मग उठून त्यांनी बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं. खालच्या भोकांतून ते वाहत राहिलं आणि जास्तीचं खत धुऊन निघालं. वर जुनी साडी बांधून त्यांनी सावली केली आणि नवी पालवी येईपर्यंत खताचा कणही दिला नाही. पालवी दिसली त्या सकाळी मला पोळपाटावरून उठवून वर नेलं. मामी लहान मुलीसारख्या हसत होत्या.

पुढे आधी पाणी, मग खत. तेही थोडंसंच, पण नेमानं. शिरा हिरव्या राहून पान पिवळं पडलं, की जस्त-लोहाची फवारणी. "लेकराला भरवतो तसं, घास घास," असं त्या म्हणत.

पहिला बहर गळून गेला. दुसऱ्या बहराची फळं दिवाळीत पिकली आणि फांद्या टेकू देऊन सावराव्या लागल्या. फराळाला आलेले दीर गच्चीवर गेले. त्यांनी मामींच्याच जमिनीत लावलेली मोसंबी रोडावली होती. एक फळ कापून मामींनी त्यांच्या हातात दिलं. ते बराच वेळ झाडाभोवती फिरले.

"वहिनी, याला घालता तरी काय?"

"सांगून नाय जमायचं, भाऊजी. माझ्या वाट्याचं रान आता मीच बघते."

दिरांनी मान खाली घालून होकार दिला.

संक्रांतीनंतर दीरच मामींना चांदवडला न्यायला पिकअप घेऊन आले. पुढचं दार त्यांनीच उघडून धरलं. आई तिथं एकटी कशी राहील, या काळजीत मुलगा होता. मामी मात्र केव्हाच आत बसल्या होत्या. माझे डोळे भरून आलेले पाहून त्यांनी खिडकीतून माझा हात धरला.

"बहर धरला की कळवीन. पाहुणी म्हणून नाय, फळं तोडायला ये."