थोरल्याची काठी

इंटर्नशिपला मी साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी होते. तिथे आठवड्याला दोन तरी फुटलेली डोकी शिवायला यायची. बांध कोरला म्हणून कुऱ्हाड काढलेली. सख्खे भाऊ एकाच टेम्पोतून रक्ताने माखून यायचे, आणि टाके पडेपर्यंत एकमेकांना आईवरून शिव्या द्यायचे. मी ओरडायचे, "अरे गाढवांनो, आई एकच ना तुमची!"

त्यामुळे २०२१च्या जानेवारीत, आयर्लंडमध्ये, ॲथलोनजवळच्या आमच्या हॉस्पिटलात, ऑक्सिजनवरच्या एका म्हाताऱ्याने सांगितलं की धाकट्या भावाचं डोकं आपणच हर्लीने फोडलं होतं, तेव्हा मी सरळ विचारलं, "बांधावरून का?" हर्ली म्हणजे इथल्या खेळातली हॉकीसारखी काठी. इथे ती घरोघरी दारामागे उभी असते.

म्हातारा हसला आणि खोकत सुटला. कोविडची ती लाट भयंकर होती. सकाळी पेशंटना कसं वाटतंय विचारलं तर म्हणायचे "ग्रँड", म्हणजे एकदम मजेत, आणि दुपारी ओठ निळे. डोंबलाचं ग्रँड! मी दिवसभर कुणावर ना कुणावर खेकसत असायचे.

हा धाकटा पुढे अमेरिकेत खासदार झाला, हे नर्सेसनी मला आधीच सांगितलं होतं. एकोणिसाव्या वर्षी भुवईवर टाके घेऊन तो विमानात बसला. बारच्या दारावर उभा राहून दारुड्यांना रस्त्यावर फेकायचा. मग ट्रकवाल्यांच्या युनियनमध्ये गेला, संपात पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, नगरपालिका जिंकली आणि शेवटी संसदेत पोचला. दर निवडणुकीत स्टेजवर भुवईला बोट लावून म्हणायचा, "थोरल्याने जमिनीसाठी माझं डोकं फोडलं. मी रिकाम्या हाताने आलो." म्हाताऱ्याने ते पबमधल्या टीव्हीवर ऐकलं, आणि त्या पबची पायरी पुन्हा चढला नाही.

"जमीन नव्हती गं पोरी," तो म्हणाला. "बापाने पट्ट्याने मारून मारून आईचा जबडा मोडला होता. धाकट्याने बापाला आडवा पाडला आणि फावडं उचललं. पात्याची धार खाली. मी हाताला लागलं ते घातलं त्याच्या डोक्यात. नसतं घातलं तर बाप मेला असता आणि हा जेलात कुजला असता. कसला खासदार!"

"मग हे त्याला सांगितलं नाहीत?"

"त्याने माझा फोन कधी उचललाच नाही."

त्याच संध्याकाळी मी त्याच्या घशात नळी घालणार होते. नळीनंतर तो जागा होईल याची खात्री मला नव्हती, आणि त्यालाही नव्हती. एवढं एकच त्याला भावाला सांगायचं होतं. मी भांडून भांडून खासदाराच्या ऑफिसातून नंबर काढला आणि टॅब्लेटवरून व्हिडिओ कॉल लावला.

पहिल्याच रिंगला उचलला. चेहरा जमिनीजवळ होता, घामाने डबडबलेला. मागे दारावर धाडधाड लाथा बसत होत्या, काच फुटत होती. वॉर्डातल्या टीव्हीवर आवाज बंद होता, पण दिसत सगळं होतं. लोक झेंड्यांच्या काठ्यांनी पोलिसांना झोडत त्याच्याच संसदेत घुसत होते.

मला वाटलं, आता म्हातारा फावड्याचं बोलेल. त्याने मास्क ओढून काढला.

"टेबल लाव दाराला. खाली पड. डोकं भिंतीकडे कर. आवाज करू नकोस, मी आहे दाराशी."

बाप पिऊन यायचा तेव्हा तो धाकट्याला हेच सांगत असणार. खासदार लहान पोरासारखा रडायला लागला. मग एक दणका बसला आणि कॉल तुटला. इकडे ऑक्सिजन सत्तरवर आला होता. मी गुंगीचं औषध दिलं आणि नळी घातली.

म्हातारा पुन्हा बोलला नाही. आठवड्याने गेला. भाऊ जिवंत बाहेर निघाला की नाही, हे त्याला कळलंच नाही.

निघाला होता. कोट-टाय घालून त्याने मला व्हिडिओ कॉल केला. भाऊ शेवटी काय म्हणाला, ते त्याला हवं होतं. मी फावड्यासकट सगळं सांगितलं.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "फावडं माझ्याच हातात होतं."

"मग लोकांना जमिनीचं का सांगत राहिलात?"

"पहिल्या सभेत एकदा बोलून गेलो. टाळ्या पडल्या."

मला असा संताप आला! साताऱ्याकडची, आईवरची सणसणीत शिवी ओठांवर आली. पण त्यांच्या आईचा मोडलेला जबडा आठवला आणि मी ती गिळली. आई एकच होती त्यांची.