घारापुरीची सांगड

लालबागच्या आमच्या चाळीत गंगुबाई तोरसकरला सगळे वचकून असायचे. आम्हा मुलांची ती गंगुकाकी. नळावर तिच्या हंड्याच्या जागी कुणी आपला हंडा लावला तर ती तोंड उघडत नसे. नुसती बघायची आणि हंडा मागे सरकायचा. मला ती आठवते ती अशीच, ओठ घट्ट मिटलेली. पण आई सांगायची की गंगू पूर्वी अशी नव्हती. शिमग्यात गॅलरीत पहिला आवाज तिचा असायचा, आणि हसायला लागली की गिरणीच्या वाइंडिंग खात्यातल्या साऱ्या बायका काम सोडून तिच्याकडे बघायच्या.

तिचं हसणं थांबलं शिवा गेला तेव्हा. शिवा हा तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन मालवणहून आली तेव्हा तो चड्डीत होता. सासू गावी राहिली, त्यामुळे त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून गिरणीत चिकटवण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार अशी बातमी आली आणि लालबाग-परळ पेटलं. शिवा काही पुढारी नव्हता. पाळी संपवून घरी येत होता, नाक्यावर गर्दी दिसली म्हणून थांबला, आणि गोळी लागून तिथेच पडला. त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती.

त्यानंतर गंगुकाकी मोर्चाला जाऊ लागली. घोषणा देत नसे, पण पहिल्या रांगेत असायची. तिचा नवरा गणपतकाका मवाळ माणूस. गिरणीच्या साळखात्यात मागावर राबून यायचा, भिंतीला टेकून बसायचा. तो तिला अडवत नव्हता आणि तिच्याबरोबर जातही नव्हता.

सत्तावन साली कॉर्पोरेशनची निवडणूक लागली. आमच्या वॉर्डात संयुक्त महाराष्ट्र समितीचा उमेदवार एक गिरणी कामगार होता आणि त्याच्या विरुद्ध आमच्या चाळीच्या मालकाचा मेहुणा अपक्ष म्हणून उभा राहिला. मालकाला भाषावार प्रांताशी देणंघेणं नव्हतं. समितीवाले कॉर्पोरेशनात गेले की चाळीतल्या गळक्या संडासांची आणि अर्धवट नळांची तक्रार वर जाईल, एवढंच त्याला कळत होतं. पुरुषांची मतं फिरणार नाहीत हे त्याने ओळखलं. बायका मात्र चूल आटोपून दुपारी मतदानाला जातात हेही त्याला माहीत होतं.

मतदानाच्या आठवड्यात कमळाबाई खोल्याखोल्यांतून फिरली. कमळाबाई गंगुकाकीच्या शेजारच्या खोलीत राहायची. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे. शिवा गेला त्या दिवशी गंगुकाकीला धरून बसली होती ती कमळाबाईच. चाळीच्या भजनी मंडळाची तीच प्रमुख. ती सांगत सुटली की मालक मंडळाला घारापुरीची सफर घडवतोय. मतदानामुळे गिरण्या बंद आहेत, सकाळी निघायचं, शंकराचं दर्शन घ्यायचं, बेटाच्या कडेने फेरी मारायची आणि दुपारच्या जेवणाला घरी. मग आरामात मतदान.

गंगुकाकी आधी नको म्हणाली. मालकाचं काही फुकट नको, असं तिचं म्हणणं. पण कमळाबाईने शिवाचं नाव काढलं. त्याच्या नावाने देवाला नारळ ठेव, म्हणाली. त्यावर गंगुकाकी तयार झाली.

रे रोडच्या लाकडाच्या वखारींमागे जे बंदर आहे तिथून सगळ्या निघाल्या. आई होती, मी आईच्या पोटात होते. होडी पाहून बायका चकित झाल्या. एक नव्हे, दोन मचवे शेजारीशेजारी लावलेले, त्यांना आडवे जाड बांबू काथ्याने करकचून बांधलेले आणि वर फळ्यांची ऐसपैस बैठक. कोकणात खाडीतून बैलगाडी उतरवायला अशी जोडहोडी वापरतात, तिला सांगड म्हणतात. हिच्यावर एरवी आमच्या चाळमालकाच्या वखारीचं गवत आणि लाकूड यायचं. तांडेल लवू मालवणकडचाच, आणि त्याच्या हाताखाली भिवा नावाचा अबोल खलाशी.

सकाळचा वारा पाठीशी होता. आई म्हणायची, इतकं सुख तिने त्याआधी कधी भोगलं नव्हतं. सांगड डुलत नाही, अंगणात बसल्यासारखी बैठक. बायकांनी भजनं म्हटली, मग फेर धरला. बऱ्याचजणी लग्न होऊन आगबोटीने मुंबईला आल्या होत्या, त्यानंतर पाण्यावर आल्याच नव्हत्या. गंगुकाकी कडेला बसून पाण्यात हात सोडून होती. आईला वाटलं, बरी झाली ही.

दर्शन झालं. नारळ फुटले, शिवाच्या नावाचा एक. मग लवूने सांगड बेटाच्या कडेकडेने घेतली. एका बाजूला तिवरांची दाट झाडी, चिखलात बगळे, वर डोंगर. बायका बोटं दाखवून ओरडत होत्या. वळसा घालून ती बेटाच्या पाठीमागे गेली. तिथून मुंबई दिसत नव्हती. लवूने नांगर टाकला.

ओहोटी आहे, म्हणाला, जरा थांबावं लागेल. बायकांनी पोहे काढले. पोहे संपले, ऊन डोक्यावर आलं, सांगड जागची हलेना. पाणी चढू लागलेलं सगळ्यांना दिसत होतं. तिवरांची मुळं बुडाली होती. कुणी विचारलं की लवू म्हणायचा, आता वारा समोरून आहे. कमळाबाई नवं भजन काढायची.

शेवटी गंगुकाकी उठून लवूसमोर जाऊन बसली. आई जवळच होती, तिने सगळं ऐकलं.

"लवू, माझ्याकडे बघ," ती म्हणाली. "खरा सांग. कित्याक थांबवलंस?"

लवू विडी चाचपत राहिला. ती तशीच बसून राहिली. मग तो हळूच म्हणाला, "माका सांगल्यानी हा, सांज होयसर परत हाडू नको." संध्याकाळपर्यंत परत आणायचं नाही, असा त्याला हुकूम होता.

"कोणी सांगल्यानी?"

त्याने कमळाबाईकडे पाहिलं.

भजन थांबलं. गंगुकाकी वळली तेव्हा कमळाबाई टाळ खाली ठेवत होती. आई सांगायची, त्या क्षणी कमळाबाईने खोटं बोलायला हवं होतं. मला माहीत नव्हतं म्हणाली असती तरी निभावलं असतं. पण गंगुकाकीसमोर तिला ते जमलं नाही.

"मुलाचं लग्न ठरतंय गं," ती म्हणाली. "दहा बाय दहात सून कुठे आणू? मालक तळमजल्याची खोली देतो म्हणाला. एका दिवसाचा प्रश्न होता. एवढ्या मतांतून आपली चार नसली तर काय बिघडतं?"

"तुझ्या मुलाला खोली पाहिजे," गंगुकाकी म्हणाली. "माझ्या शिवाला आता काही लागत नाही. त्याचं नाव घेऊन आणलंस मला."

कमळाबाई रडायला लागली. दोघीतिघी तिची समजूत घालू लागल्या. झालं ते झालं, दर्शन तरी घडलं, असं कुणी म्हणालं. त्यावर गंगुकाकीचा आवाज चढला. तिने त्या बाईला विचारलं, की तुझं माणूस नाक्यावर पडलं असतं तर तू हे म्हणाली असतीस का. मग तिने लवूला नांगर उचलायला सांगितलं.

लवू म्हणाला, उचलतो, पण उपयोग नाही. वारा मुंबईकडून येतोय आणि दोन मचव्यांचं हे धूड वाऱ्यावर चढत नाही. यात तो खोटं बोलत नव्हता. एकटा मचवा आडवातिडवा घेत जाऊ शकतो, सांगड नाही.

"मग सोड सांगड."

लवू हात जोडायला लागला. मालक धंदा बंद करील, म्हणाला. गंगुकाकीने ऐकून घेतलं नाही. नारळ फोडायला आणलेला कोयता टोपलीत होता. तो घेऊन ती बैठकीच्या टोकाला वाकली आणि बांबूला बांधलेल्या काथ्यावर घाव घालू लागली. फळ्या थरथरल्या. बायका किंचाळून मागे सरकल्या. तिसऱ्या-चौथ्या घावाला लवूने धावत जाऊन तिचा हात धरला. असं तोडलंत तर सगळ्या पाण्यात जाल, म्हणाला, सरा, मी सोडतो. तिने कोयता हातातून सोडला नाही. लवू आणि भिवा गाठी सोडत होते तोवर ती त्यांच्या डोक्यावर उभी होती.

फळ्या उचलल्या, बांबू काढले, दोन मचवे वेगळे झाले. ज्यांना मतदान करायचंय त्यांनी इकडे यायचं, गंगुकाकी म्हणाली. निम्म्याहून कमी आल्या. बाकीच्या भिवाबरोबर दुसऱ्या मचव्यात राहिल्या, कमळाबाईही तिथेच. आई पोटुशी, तिला सगळ्यांनी थांब म्हटलं. आई म्हणायची, मला मतदानाचं एवढं नव्हतं, पण गंगूला एकटीला जाऊ देणं बरं दिसेना.

सकाळची गंमत आता संपली होती. एकटा मचवा कलायचा, शीड फडफडायचं, लाट थेट तोंडावर. लवू सुकाणूवर आणि बायका वल्ह्यांवर. आई ओकत होती आणि मध्येच करवंटीने पाणी उपसत होती. गंगुकाकीच्या हाताची सालटी निघाली. तरी तिने वल्हं सोडलं नाही. एकदा लवू म्हणाला की आता शिवडीकडे काढतो, तिथे उतरणं सोपं पडेल, तेव्हा ती म्हणाली की जिथून नेलंस तिथेच सोड.

बंदरावर पोचल्या तेव्हा ऊन कललं होतं. उतरायला गुडघाभर चिखल. लवूने हात पुढे केला, तो तिने घेतला नाही.

"काकी, राग धरू नका," तो म्हणाला.

"धरतलंय," ती म्हणाली आणि चिखलातून चालू लागली.

लाकडांच्या वखारींतून, रुळांवरून, चिंचपोकळीच्या कारखान्यांमधून त्या अक्षरशः धावत लालबागला आल्या. लुगड्यांना वाळलेला चिखल, केस विस्कटलेले. शाळेतल्या मतदान केंद्राचं दार अजून उघडं होतं. आईचं मत झालं. मागून गंगुकाकी गेली. टेबलाशी बसलेल्या मास्तरांनी नाव पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि खालच्या आवाजात सांगितलं की तुमचं मत होऊन गेलंय.

गंगुकाकीला आधी कळलंच नाही. मग तिने बोटं पुढे केली. एकाही बोटाला शाई नव्हती, नुसतं रक्त आणि चिखल. तिच्याबरोबरच्या आणखी तिघींचं तेच झालं. सकाळी कुणी दुसऱ्याच बायका येऊन त्यांच्या नावाने मत देऊन गेल्या होत्या. सफर कशासाठी होती ते तेव्हा पुरतं उमगलं. बायकांना नुसतं लांब ठेवायचं नव्हतं, त्यांच्या जागी दुसऱ्या उभ्या करायच्या होत्या.

गंगुकाकी टेबलापासून मागे फिरली. ती दारात बसली. कुणालाही आत जाऊ देणार नाही म्हणाली. शिपाई आला, त्याने काठी आपटली. "एकाला मारलात," ती त्याला म्हणाली, "आता मला मारा." शिपाई पोरगेलासा होता. तो मागे झाला. मास्तर उठून बाहेर आले. कायद्याप्रमाणे तुम्हाला वेगळी मतपत्रिका देता येते, ती लखोट्यात बंद करून ठेवतात, असं त्यांनी समजावलं. ती मोजणार का, तिने विचारलं. बहुतेक नाही, मास्तर म्हणाले. माणूस प्रामाणिक होता.

तिने ती मतपत्रिका घेतली. खूण केली. लखोटा मास्तरांच्या हातात देताना म्हणाली, "ह्यावर लिवा, गंगुबाई तोरसकर जिवंत आहे." मास्तरांनी काय लिहिलं कोण जाणे.

समितीचा माणूस निवडून आला. चांगल्या मतांनी आला. चाळीत पेढे वाटले, गुलाल उधळला. लोक गंगुकाकीला सांगायला आले, आता तरी हस. माझं मत कुणी खाल्लं त्याचं नाव सांगा, मग हसते, असं म्हणून तिने दार लावलं. नाव कधीच कळलं नाही. मालकाचा भाडं वसूल करणारा राजाराम पुढच्या महिन्यात आला तेव्हा ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर कोयता मांडीवर घेऊन बसली होती. तो खालूनच परत गेला. पुढे कितीतरी महिने तो वर चढलाच नाही, लोक भाडं खाली नेऊन द्यायचे.

कमळाबाईला तळमजल्याची खोली मिळाली नाही. मेहुणा पडल्यावर मालकाला तिची गरज उरली नाही. सून त्याच दहा बाय दहात आली, मध्ये पडदा लावला. त्या लग्नात गंगुकाकी गेली नाही. साठ साली राज्य झालं, अख्खं लालबाग रस्त्यावर आलं, त्या दिवशी कमळाबाई साखरेची वाटी घेऊन तिच्या दारात उभी राहिली. गंगुकाकीने तिच्या अंगावरून पुढे जाऊन माझ्या आईच्या वाटीतली साखर घेतली.

आईला हे पटत नसे. एवढं धरून ठेवू नये, म्हणायची. खोलीसाठी माणूस काय करील सांगता येत नाही. मला मात्र आजही कमळाबाईची कीव येत नाही. तिने मेलेल्या पोराचं नाव वापरलं, आणि ते आपण कुणासमोर वापरतोय हे तिला माहीत होतं.

मी शाळेत असताना कमळाबाई आजारी पडली. सून नोकरीला जायची, मुलगा पाळीवर. दुपारी गंगुकाकी तिला पेज घेऊन जायची. उशाशी वाटी ठेवायची, पेज पिऊन होईपर्यंत उभी राहायची, वाटी उचलून परत. एक शब्द नाही. कमळाबाई काहीबाही बोलत राहायची, जुन्या आठवणी काढायची, रडायची. मी दारातून पाहिलंय. एकदा आईने न राहवून विचारलं, की एवढं करतेस तर दोन शब्द बोलायला काय होतं.

"पेज पोटाक देतंय," गंगुकाकी म्हणाली. "बोलणा मनातसून येवक व्हया, तां येणा नाय."

कमळाबाई गेली तेव्हा तिला न्हाऊ घालायला गंगुकाकीच पुढे झाली. चाळीतल्या एका म्हातारीने तिला सांगितलं, आता तरी माफ केलं म्हण, जीव सुटेल तिचा. गंगुकाकीने लुगड्याला हात पुसले. मेली म्हणून मी खोटं बोलू काय, असं तिने विचारलं, आणि पाण्याचा दुसरा तांब्या भरून घेतला.